मटार सोलण्याचा अर्धा तास

प्रिय ताई,

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. मुलगी बारावीत आहे. सीबीएसई, पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. अकरावीपासून भंवरकुव्याला कोचिंगला जाते. जेईईचा जानेवारीचा पेपर देऊन रडतच बाहेर आली. त्याआधी प्री-बोर्डात गणितात ८० पैकी ३८ पडले. दहावीत ९४ टक्के होते हो हिला! आता बोर्डाला तीन आठवडे राहिलेत आणि म्हणते, 'पेपर समोर आला की सगळं कोरं होतं.' रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक उघडं असतं, पण पान काही उलटलेलं दिसत नाही.

आम्ही आमच्याकडून सगळं केलं. टीव्हीचं कनेक्शन काढलं. या वर्षी हळदीकुंकू केलं नाही. देवासला नणंदेकडे बारसं होतं, तिथेही मी एकटीच जाऊन दोन तासांत परत आले. महिन्याभराची रजा टाकली आहे. हे काही बोलत नाहीत, स्वभावच शांत आहे. फक्त रविवारच्या टेस्टचा रँक मोबाइलवर आला की जेवताना 'हं' म्हणतात. सासूबाईंना मात्र वेळेची किंमत कळत नाही. अभ्यास सोडून ही त्यांच्या खोलीत मटार सोलत, गप्पा मारत बसते, अर्धा-अर्धा तास जातो. त्यांना कसं सांगू? परवा रागात म्हणाली, 'मी नसते तर तुमचे इतके पैसे तरी वाचले असते.' खजराण्याच्या गणपतीला जाऊन नवसाचा उलटा स्वस्तिक काढून आले. आणखी काय करू?

— एक आई

*

नमस्कार.

सासूबाईंची तक्रार आणि खजराण्याचा गणपती यांच्या मधे तुम्ही एक ओळ घाईघाईने लिहून टाकली आहे. 'मी नसते तर तुमचे इतके पैसे तरी वाचले असते.' गणिताचे ३८ नंतर बघू. आधी ही ओळ.

रागात मुलं काहीबाही बोलतात हे खरं. बहुतेक वेळा त्यामागे थकवा आणि चिडचिड, एवढंच असतं. पण त्या 'बहुतेक'च्या भरवशावर आईने राहू नये. आज रात्री तिच्याजवळ जाऊन बसा, हातात दुधाचा कपबिप न घेता, आणि सरळ विचारा: 'परवा तू जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुला कधी जगणंच नको, असं वाटतं का?' असं विचारलं तर नसता विचार तिच्या डोक्यात शिरेल, अशी धास्ती वाटेल तुम्हाला. तसं होत नाही. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं की मुलांचा जीव हलका होतो. मग ती जे सांगेल ते ऐका. 'असं वेड्यासारखं बोलू नये', 'आम्ही काय कमी केलं तुला', ही दोन वाक्यं जिभेवर येतीलच. ती गिळून टाका.

'हो' म्हणाली, किंवा गप्प राहून मान खाली घातली, तर त्या क्षणी बोर्ड, जेईई सगळं बाजूला. तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं आवरून ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री तीन वाजताही कोणीतरी उचलतं, हिंदीत बोला की मराठीत. दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर एमवायला, आपल्या सरकारी रुग्णालयात, मनोविकारांचा विभाग आहे. 'नाही गं आई, असंच बोलले' म्हणाली तर विश्वास ठेवा, पण पुढचे काही दिवस नजर असू द्या. जेवण अर्ध्यावर आलं, मैत्रिणींचे फोन घ्यायची बंद झाली, आपल्या आवडीच्या वस्तू कोणाला देऊन टाकायला लागली, किंवा तेच वाक्य पुन्हा आलं, तर वाट बघत बसू नका.

आणि पैशांचं. फी, हप्ता, 'दोन वर्षांत किती गेले' हे तिच्यासमोर कोणी बोललं नसेलही. पण फ्लॅटमधल्या भिंती केवढ्या जाड असतात! रात्री तुम्ही दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात हिशेब करता ना, तो पलीकडच्या खोलीत पोचतो. तिला एकदा स्पष्ट सांगा की ती फी आम्ही दिली, ती खर्ची पडली, तुझ्या नावावर ती उधारी नाही. हे तुम्ही सांगू नका, बाबांनी सांगावं. का, ते पुढे येईल.

आता मटार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या घरात मला एकच माणूस निवांत बसलेलं दिसलं, आणि तुम्ही नेमकं त्यालाच उठवायला निघाला आहात! अहो, तुमच्या सासूबाईंच्या खोलीत काय चालतं ते जरा दाराआडून बघा. मधे स्टीलचं ताट. शेंगेच्या पोटावर अंगठा दाबला की टचकन उघडते, आतले दाणे एका रेघेत. चार ताटात, एक तोंडात. मधेच एखादी अळी निघते, मग 'ई' होतं, आजी हसतात. कुठल्याशा लग्नात जिलबीचा पाक कसा बिघडला होता, त्याची गोष्ट दहाव्यांदा सांगतात. तिथे 'किती झालं?' असं कोणी विचारत नाही. दिवसभरात तिच्या हातून पूर्ण होणारं ते एकमेव काम आहे. टोपलीभर शेंगा होत्या, वाटीभर दाणे झाले. जेईईच्या मुलाला असं काही पूर्ण झाल्याचं सुख दोन वर्षांत मिळत नाही. एक धडा झाला की सात उरलेले असतात.

म्हणून सासूबाईंना काही सांगू नका. उलट मटार जास्त आणा. हंगाम आहे, स्वस्तही आहेत. मटार संपले तर मेथी निवडायला द्या.

हळदीकुंकू रद्द केलंत, बारशाला दोन तासांत परतलात, टीव्ही काढला, रजा टाकली. यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही प्रेमाने केलीत, त्याबद्दल शंका नाही. पण तिच्या जागी बसून बघा. सकाळी उठल्यापासून घर श्वास रोखून उभं आहे, बाहेरचं माणूस येत नाही, बाबा टीव्हीवर मॅच बघत नाहीत, आई नोकरी सोडून दाराशी बसलीय, आणि हे सगळं माझ्यामुळे. एवढ्या ओझ्यानंतर ३८ पडले तर त्या मुलीला ते फक्त गणितात कमी पडल्यासारखे वाटतील का? ती अख्ख्या घराची गुन्हेगार ठरते, स्वतःच्याच कोर्टात.

रजा रद्द करता आली तर करा. अर्धा दिवस तरी कामावर जा. रथसप्तमी होऊन गेली असली तरी चार ओळखीच्या बायकांना एखाद्या संध्याकाळी चहाला बोलवायला मुहूर्त लागत नाही. फक्त त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा की 'किती टक्के येतील गं?' आणि 'पुढे काय ठरवलंय?' हे दोन प्रश्न आमच्या उंबऱ्याबाहेर. आपल्या इंदूरच्या मराठी बायका मोठ्या प्रेमळ, पण तिळगुळाबरोबर पर्सेंटाइल विचारतात!

मला हे कळतं कारण मी स्वतः हे करून बसले आहे. मी इथल्याच एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं. पालकसभेत 'मुलांवर ताण आणू नका' असं भाषण दर वर्षी द्यायचे. मग माझ्या मुलाची बारावी आली. फिजिक्सच्या पेपरच्या सकाळी मी त्याला पाच वेळा विचारलं, 'अ‍ॅडमिट कार्ड घेतलंस ना?' पाचव्या वेळी त्याने दप्तर, पाऊच, सगळं पलंगावर उपडं केलं. कार्ड नव्हतं. गाद्या उलटल्या, कपाटं उघडली, खाली त्याचे बाबा स्कूटर चालू करून उभे. पोराचे हात थरथरायला लागले. शेवटी सापडलं माझ्या पर्समध्ये! आदल्या रात्री, हरवू नये म्हणून, मीच उचलून ठेवलं होतं. त्या पेपरात त्याचे पहिले दोन प्रश्न चुकले. त्याने आजवर एका शब्दाने ते काढलं नाही. मला मात्र ते दोन्ही प्रश्न अजून पाठ आहेत.

आता यजमानांचं 'हं'. तुम्ही लिहिलंय, ते काही बोलत नाहीत. अहो, ते 'हं' म्हणजे काय बोलणं नाही? वर्गात मी कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकलंय: 'मॅडम, पापा ओरडले असते तर बरं झालं असतं.' ओरडणाऱ्या बापाशी भांडता येतं. 'हं'शी कसं भांडणार? त्या एका अक्षरात ती रविवारी काय-काय वाचत असेल! निराशा, पैसे, शेजारच्या मुलाचा रँक. बिचाऱ्यांच्या मनात कदाचित यातलं काहीच नसेल, काय बोलावं ते सुचत नसेल एवढंच. बहुतेक बापांना सुचत नाही. तर त्यांना हे पत्र वाचायला द्या. मोबाइलमधलं ते कोचिंगचं अ‍ॅप त्यांनी बोर्ड संपेपर्यंत काढून टाकावं, पालकांच्या ग्रुपचा आवाज बंद करावा, आणि रविवारी जेवताना दुसरं काहीही बोलावं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं! आणि पैशांचं ते वाक्य त्यांच्या तोंडून यावं, कारण तिला ज्याचं मन कळत नाहीये ते बाबांचं. तुमचं मन तर तिला चोवीस तास कळतंय, जरा जास्तच.

दहावीच्या ९४ टक्क्यांचं एकदाच बोलते आणि सोडते. कोचिंगच्या त्या वर्गात बसलेली बहुतेक मुलं आपापल्या शाळेत पहिली-दुसरी आलेली असतात. तिथे कोणाला तरी शेवटचा रँक मिळणारच. 'दहावीत तर...' हे दोन शब्दांचं वाक्य घरात पुन्हा नको.

आता अभ्यास, कारण शेवटी पेपर तर द्यायचाच आहे, आणि इथे माझा हात बसलेला आहे.

प्री-बोर्डची गणिताची उत्तरपत्रिका कुठे आहे? तिला शोधू द्या. प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून तिनेच, तुम्ही नव्हे, गेलेल्या ४२ गुणांना तीन रंगांत रंगवायचं. मुळात येतच नव्हतं ते लाल. येत होतं पण चिन्ह चुकलं, आकडेमोड चुकली, ते निळं. वेळ पुरला नाही किंवा कोरं झालं ते हिरवं. 'मला काहीच येत नाही' म्हणणाऱ्या मुलाचा अख्खा पेपर लाल निघालेला मी पाहिलेला नाही. निळं-हिरवं निघतंच, आणि ते बघून चेहरा बदलतो.

मग लालकडे बघायचं. बोर्डाच्या ८० गुणांत कॅल्क्युलस ३५ गुणांचं आहे, आणि मुलांची सगळी दहशत तिथेच असते. इंटिग्रेशनच्या पानावर रात्रीचे दोन वाजतात. पण व्हेक्टर आणि थ्री-डी मिळून १४ गुण, प्रोबॅबिलिटी ८, लिनियर प्रोग्रॅमिंग ५. हे २७ झाले. मॅट्रायसेस आणि डिटरमिनंट्सचे १० धरले की ३७. हे धडे तीन आठवड्यांत पक्के होण्यासारखे आहेत. लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये तर आलेख काढायचा, कोपरे शोधायचे आणि किंमत घालून बघायची. दोन संध्याकाळी नीट दिल्या तर ५ गुण खिशात. आधी हे घट्ट करायचं, मग कॅल्क्युलसमधलं जेवढं जमेल तेवढं. पुस्तक एनसीईआरटीचं. कोचिंगची जाडजूड मॉड्यूल्स बोर्डापुरती कपाटात, आणि कपाटाला कडी.

रात्री दोनपर्यंत उघड्या राहणाऱ्या पुस्तकाबद्दल. वाचत राहिलं की आलंय असं वाटतं, पण वाटणं आणि येणं वेगळं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर हे करून पाहिलं. काही मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. तर पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून. सुरुवातीला कागद रिकामा राहील, रडूही येईल. हरकत नाही. घरी कोरं झालं तर कोणी गुण कापत नाही.

आणि अकरा वाजता दिवा बंद. इथे मी हट्टी आहे. दिवसा केलेलं रात्रीच्या झोपेत मुरतं. विरजण लावून पातेलं सारखं ढवळत बसलं तर दही लागेल का? शिवाय बोर्डाचा पेपर सकाळी साडेदहाला आहे. रात्री दोनला जागणारं डोकं साडेदहाला अर्धवट झोपेत असतं. एकदम अकरा जमणार नाही. रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. मोबाइल रात्री दिवाणखान्यात राहील. सगळ्यांचे, तुमच्या दोघांचेसुद्धा.

आता ते कोरं होणं. यात तिचा आळस नाही आणि मूर्खपणा तर नाहीच. ३१ वर्षं मी पर्यवेक्षक म्हणून हॉलमध्ये उभी राहिले आहे. ते मूल लांबून ओळखू येतं. पेनाचं टोपण काढतं, लावतं, काढतं, लावतं. नजर प्रश्नावर असते पण डोळे हलत नाहीत. एकदा एका मुलीच्या बाकाशी जाऊन मी नुसतं विचारलं, 'पाणी हवं?' ती दचकली, बाटलीतून दोन घोट प्यायली, पान उलटलं आणि मागच्या एका प्रश्नापासून लिहायला लागली. मी काहीच केलं नव्हतं. गाडी अडकली होती, जरा धक्का लागला.

होतं काय, ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून सांगते. सगळं सामान फडताळात भरलेलं आहे, पण ओटा लहान. एका वेळी पाट, परात आणि एखादं भांडं एवढंच मावतं. गणित सोडवताना डोक्याचा असाच एक छोटा ओटा लागतो, आकडे मांडायला. आता त्या ओट्यावर आधीच 'बाबा काय म्हणतील', 'फी', 'जेईईत असंच झालं होतं' ही तीन मोठी पातेली येऊन बसली, तर पोळपाट कुठे ठेवणार? फडताळात सगळं आहे, काढायला जागा नाही. पेपर संपून बाहेर आल्यावर दोन मिनिटांत सगळं आठवतं ते म्हणूनच.

पातेली उतरवायची एक साधी युक्ती आहे. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ती मांडली. परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं, मनात जी भीती आहे ती कागदावर लिहून काढायची. जी मुलं मुळात जास्त घाबरणारी होती त्यांचे गुण याने सुधारले. तर तिच्या टेबलावर एक जुनी वही ठेवा. घरी सरावाचा पेपर लावायच्या आधी दहा मिनिटं तिने त्यात काय वाट्टेल ते लिहावं, शिव्यासुद्धा. तुम्ही ती वही उघडायची नाही. उघडायची नाही म्हणजे नाही, केर काढतानाही नाही.

हॉलमधलं वेगळं. सव्वादहाला प्रश्नपत्रिका हातात येते आणि साडेदहापर्यंत फक्त वाचायचं असतं, ही पंधरा मिनिटं सोन्याची आहेत. पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत वाचत सुटायचं नाही; 'हे मला येतं' असे पाच प्रश्न आधी शोधायचे. गणिताच्या पेपरात सुरुवातीलाच एक-एक गुणाचे २० प्रश्न असतात, त्यात पाच ओळखीचे चेहरे भेटतातच. साडेदहाला पेन त्यांच्यापासून सुरू. हात चालू लागला की डोकं मागून येतं. मधेच कोरं झालं तर पेन खाली, दोन घोट पाणी, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, असं पाच-सहा वेळा. मग पान उलटून दुसरा प्रश्न. अडलेल्या प्रश्नाशी तिथेच कुस्ती खेळायची नाही. हे सगळं घरी दर तीन दिवसांनी, शक्य तर सकाळी साडेदहालाच, सराव म्हणून करून बघू दे. घराने तेवढे तीन तास कुकरची शिट्टी, दाराची बेल सगळं चालू द्यायचं. हॉलमध्ये शेजारच्या पोराची खोकला-शिंक असतेच ना.

पेपरच्या सकाळी नवीन काही खायला देऊ नका. इंदूरच्या माणसाला पोहे कधीच जड होत नाहीत, पण जिलबी त्या दिवशी संध्याकाळी. हातावर दही-साखर जरूर द्या. अ‍ॅडमिट कार्ड तिलाच आदल्या रात्री पाऊचमध्ये ठेवू दे. तुम्ही विचारा एकदा. एकदाच! माझी पर्स आठवा.

बाहेर आल्यावर 'कसा गेला?' हा प्रश्न गेटवर नको. भूक लागली का, एवढंच. प्रश्नपत्रिका घेऊन कोचिंगच्या उत्तरांशी ताळा करणं पूर्ण बंद. गेलेला पेपर दुरुस्त होत नाही, उद्याचा बिघडतो.

उलट्या स्वस्तिकाचं राहिलं. चांगलं केलंत, आपल्या मनाला आधार लागतो. पण तो नवस तुमचा आणि गणपतीचा आहे. 'तुझ्यासाठी खजराण्याला जाऊन आले' हे तिच्या कानावर पडलं असेल तर तेही एक पातेलंच झालं. पुढच्या वेळी तिला हवं असेल तर तिला घेऊन जा, येताना काहीतरी खा, आणि देवळात काय मागितलं ते विचारू नका.

पुढचं थोडक्यात, कारण भीतीचा अर्धा भाग 'नाही झालं तर?' या प्रश्नाला घरात कोणी उत्तरच देत नाही म्हणून असतो. बारावीला थिअरीत ३३ टक्के म्हणजे गणितात ८० पैकी साधारण २६-२७ लागतात. तिचे आजच ३८ आहेत. एखादा विषय राहिलाच तर सप्लिमेंट्री असते, वर्ष जात नाही. जेईई मेनचं एप्रिलचं सत्र बाकी आहे आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. मात्र एनआयटीला बारावीत ७५ टक्के, किंवा बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव, हेही लागतं, म्हणून आत्ता सगळा जोर बोर्डावर, एप्रिलचं एप्रिलला. आपल्या राज्याचं इंजिनिअरिंगचं काउन्सेलिंग वेगळं होतं; घरापासून स्कूटरच्या अंतरावर एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज उभं आहे, १९५२ पासून. आणि तिला मुळात इंजिनिअर व्हायचंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. गणित-भौतिक आवडत असेल तर १८९१ पासून चालत आलेलं होळकर सायन्स कॉलेज याच गावात आहे. पण हा प्रश्न आत्ता काढू नका. बोर्ड संपल्यावर, एखाद्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना विचारा. ड्रॉप घ्यायचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा जेईई द्यायची की नाही, तेही तेव्हाच.

एक शेवटची गोष्ट. पहिल्या पेपरला तिला सेंटरवर कोण सोडणार, हे तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं असेलच, बहुधा तिघं मिळून गाडीने. तिला विचारा. मैत्रिणीबरोबर जाते म्हणाली तर जाऊ द्या. आणि 'आजीला ने' म्हणाली, तर तुम्ही घरी थांबा, रिक्षा बोलवा आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना मोजे घालून त्यांना आत बसवा.